ओपानिनचा बिनकिल्लीचा चक

बेदियाकोनं आफ्राकोमाबाईंच्या कचेरीचं दार ढकललं ते बोलतबोलतच.

"बाई, ऐकलंत का? शुक्रवारी मी चोर पकडला! अख्ख्या सुआमे मॅगझिनमध्ये, गॅरेजांच्या गल्लीगल्लीत माझंच नाव चाललंय. माझे जुने उस्ताद ओपानिन डोमफे आहेत ना, त्यांच्या ड्रिल मशीनचा जर्मन चक उडवला होता पठ्ठ्यानं. अकरा वर्षं ज्यांचं खाल्लं त्यांच्याच..."

"बेदियाको, खाली बस," बाई म्हणाल्या. "आणि आधी ह्यांना भेट. ह्या पोमा. तू पकडलेल्या आसुमाडूची बायको."

खिडकीपाशी एक बाई बसली होती. मांडीवर शर्टाची घडी. बाही खांद्यापासून उसवलेली, कॉलरवर रक्त वाळून काळं पडलेलं.

बसावं की उभं राहावं हे बेदियाकोला कळेना.

"हेच ते," पोमा त्याच्याकडे न बघता बाईंना म्हणाली. "गल्लीत 'चोर, चोर' म्हणून ओरडले ते हेच. लोक धावून आले. माझ्या नवऱ्याच्या दोन बरगड्यांना मार लागलाय. उद्या दहा वाजता गल्लीतल्या वडीलधाऱ्यांची बैठक आहे. त्यांनी एकदा चोर ठरवलं, की मॅगझिनमध्ये कुणी त्याला दारात उभं करणार नाही. दुसरं काही येत नाही हो त्याला. लोखंडाशिवाय काही येत नाही."

"बैठकीत कोणकोण असतं?"

"पाच जण. मधल्या खुर्चीवर ओपानिन डोमफेच बसतात."

बाईंनी चष्मा पुसला. वीस वर्षं विमा कंपनीसाठी जळालेल्या दुकानांची तपासणी करून त्यांनी ही स्वतंत्र कचेरी काढली होती. गाडी बेदियाकोची. तो चालवायचा, माणसं ओळखायचा, आणि बाईंच्या मते जरा घाईनं बोलायचा.

"मी घेते काम," त्या म्हणाल्या. "बेदियाको, गाडी काढ. आणि शुक्रवारी काय झालं ते वाटेत सांग. तू काय ओरडलास ते नको. तू काय पाहिलंस ते सांग."

गाडीत बेदियाकोचा आवाज निम्म्यावर आला होता.

"दोन वर्षांत मी ओपानिनकडे फिरकलो नव्हतो, बाई. मनाला लागून होतं. म्हणून शुक्रवारी सकाळी मानाची म्हणून श्नॅप्स दारूची बाटली घेऊन गेलो. मी हात पुढे केला, तर त्यांनी हात दिलाच नाही. एप्रनच्या खिशात हात घालून बसले. बाटलीसुद्धा घेतली नाही. 'ठेव तिथे' म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. म्हटलं, रागावलेत. बरोबरच आहे त्यांचं."

"मग?"

"तेवढ्यात त्यांचा कारागीर आसुमाडू ड्रिल मशीनपाशी गेला आणि म्हणाला, 'ओपानिन, ऑटोमॅटिक चक कुठाय?' मशीनवर जुना किल्लीचा चक होता. ओपानिन नुसतं म्हणाले, 'गेला.' मी म्हटलं, 'गेला म्हणजे? चोरीला?' ते गप्प. मी विचारलं, 'गाळ्याची दुसरी किल्ली कुणाकडे असते?' आसुमाडू म्हणाला, माझ्याकडे. झालं! माझ्या डोक्यात राख गेली."

"म्हणजे चोरी झाली असं ओपानिन म्हणालेच नाहीत."

"नाही... पण नाही झाली असंही नाही म्हणाले."

बेदियाकोनं उगाचच हॉर्न वाजवला.

ओपानिन डोमफेंचा गाळा गल्लीच्या टोकाला होता. सत्तरी ओलांडलेला, ताठ मानेचा माणूस; 'ओपानिन' ही वडीलधाऱ्याची पदवी त्यांना गल्लीनं दिलेली. निम्म्या मॅगझिनला लेथ त्यांनी शिकवला होता. बाईंनी आपलं कार्ड पुढे केलं.

"बाकावर ठेवा," ओपानिन म्हणाले. उजवा हात एप्रनच्या खिशातच. डाव्या हातानं काही घेईल असा माणूसच नव्हता तो. ते पाप या गल्लीत दारुडासुद्धा करत नाही.

बेदियाकोनं मान खाली घातली. अजून राग गेला नव्हता तर.

"मला फक्त मशीन बघायचंय," बाई म्हणाल्या. "मी काही या धंद्यातली नव्हे. हा ऑटोमॅटिक चक म्हणजे नक्की काय?"

बेदियाकोच घाईघाईनं सांगू लागला. "बाई, चक म्हणजे ड्रिलची मूठ. तीन जबडे असतात, त्यात ड्रिल धरायचं. साध्या चकला किल्ली लावून आवळावं लागतं. याला किल्ली नको. कडं हातानं पिळलं की बस्स. पुढे भोक पाडताना जेवढा जोर येईल तेवढा तो आपणहून आवळत जातो. इथं नवा कुणाला परवडतो? युरोपच्या कंटेनरमधून जुना येतो, भंगारवाल्या माआमे दुफियेच्या ढिगातून निवडून घ्यायचा."

बाई मशीनपाशी वाकल्या. जुना चक नीट वर बसवलेला होता. त्याची किल्ली साखळीला लावून खिळ्यावर टांगलेली. बाजूला लाकडी हातोडा, आणि त्याच्यावर चार घड्या घातलेलं फडकं.

"हा जुना चक कुणी चढवला?"

"मी येण्याआधीच होता," बेदियाको म्हणाला. ओपानिन रस्त्याकडे बघत होते.

मशीनच्या पोटावर बोटभर काजळी होती. सुलट-उलट फिरवायचा खटका तेवढा स्वच्छ होता. बाईंनी त्याला हात लावला नाही. कोपऱ्यात बिडाचं काहीतरी मोठं धूड ताडपत्रीखाली बांधून ठेवलेलं होतं.

"हे काय?"

"मक्याच्या गिरणीचं कवच," ओपानिन म्हणाले. "गिऱ्हाइकाचं आहे. हात लावू नका."

बाकाखाली वापरलेल्या ऑइलचं पिंप होतं. गंजू नयेत म्हणून जुने सुटे भाग त्यात बुडवून ठेवायची ओपानिनची पद्धत बेदियाकोला शिकाऊ असल्यापासून ठाऊक होती. त्याच पिंपात हात घालून त्यानं पहिला पगार मिळवला होता.

"ओपानिन, काळजी करू नका," तो म्हणाला. "उद्या सोक्षमोक्ष लागेल."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे असं काही पाहिलं की बेदियाको बाईंच्या आधीच बाहेर पडला.

समोर वेल्डर प्रेकोचा गाळा. ऑटोमॅटिक चक त्यानं उसना मागितला होता आणि ओपानिननं सगळ्यांसमोर नकार दिला होता, हे गल्लीला पाठ होतं.

"हो, मागितला होता! म्हणून काय मी चोर?" प्रेको उसळला. "आणि ह्यांना घेऊन आलात होय? या, या, चोरपकडे साहेब! आता कुणाच्या नावानं ओरडणार? माझ्या?"

"ते आज ओरडणार नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या. "गुरुवारी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. उलट मीच ओपानिनला मदत केली. साडेचारच्या सुमाराला ते दारात येऊन म्हणाले, तुझा मोठा पाइप पाना दे. मी द्यायला गेलो तर म्हणे बाकावर ठेव. पाच किलोचा पाना हातातून घेतला असता तर काय झिजले असते? पण मोठी माणसं! सकाळी परत आणून ठेवला माझ्या उंबऱ्यावर."

"आसुमाडू तेव्हा होता का तिथे?"

"छे. तो चारलाच गेला. एरवी सहापर्यंत असतो."

माआमे दुफिये आपल्या पत्र्याच्या कंटेनरसमोर स्टुलावर बसून केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेली मासळी खात होती. पुढ्यात चक, पाने, ड्रिल यांचा डोंगर.

"चोरीचा माल माझ्याकडे आलाय का, हेच विचारायला आलात ना?" ती म्हणाली. "शोधा. सापडला तर मी केंके खाणं सोडीन."

"ओपानिनना तुम्ही दिलेल्या चकबद्दल सांगा ना."

"माल अस्सल होता. फक्त कड्यावर पाइप पान्याचे दात उमटलेले होते. कुणा गाढवानं तो अडकवून घेऊन पान्यानं सोडवला असणार. तिथे एक धार वर आली होती. मी त्यांना म्हटलं, कानस मारा, नाहीतर एक दिवस हात कापून घ्याल. म्हणाले, मला शिकवतेस?" ती हसली. "आणखी एक सांगितलं मी, सगळ्यांनाच सांगते. यानं भोकं पाडा, स्क्रूचे आटे पाडू नका. आटे पाडायचा टॅप धरून आत नेलात तर जाईल, पण बाहेर काढायला मशीन उलटं फिरवलंत, की हा तोंड उघडणार. सुलट आवळतो, उलट सोडतो. जातच तशी त्याची."

"हे ओपानिनना ठाऊक नव्हतं?"

"त्यांना? तेच तर गल्लीला सांगत फिरतात! त्यांच्या गाळ्यात उलटा खटका दाबायचीसुद्धा बंदी आहे. आटे हातानंच पाडायचे."

"गुरुवारनंतर ते इकडे आले होते?"

"शुक्रवारी, मी कुलूप काढत होते तेव्हाच. बारा नंबरचा टॅप हवा म्हणाले. मी पुढे केला तर टोपी काढून उलटी धरली माझ्यासमोर, हिच्यात टाक म्हणे! म्हटलं, ओपानिन, चर्चमध्ये वर्गणी गोळा करताय काय?"

बेदियाको हसला. बाई हसल्या नाहीत.

आसुमाडू घरी चटईवर पडून होता. बेदियाको दाराबाहेरच घुटमळला.

"या ना आत," आतून आवाज आला. "माझ्याकडे चोरण्यासारखं काही नाही."

बेदियाको उंबऱ्यावरच टेकला.

"गुरुवारचं काम काय होतं?" बाईंनी विचारलं.

"गिरणीच्या कवचाला आठ भोकांत आटे पाडायचे होते. बारा नंबरचे. मी हातानं सात पाडले. बीड कडक होतं, खांदे भरून आले होते. चार वाजता ओपानिन म्हणाले, तू जा, आठवं मी करतो. गिऱ्हाईक शुक्रवारी सकाळी येणार होतं."

"ते स्वतः करतात असं काम?"

आसुमाडूनं आवाज खाली आणला.

"पूर्वी करायचे. आता त्यांच्या मनगटात जोर राहिला नाही. पण हे मी बोललो असं कुणाला सांगू नका. त्यांना लागेल ते."

"आणि शुक्रवारी?"

"कवच ताडपत्रीखाली बांधलेलं. म्हणाले, हात लावू नकोस, गिऱ्हाइकाला सोमवारनंतर ये म्हणून सांगितलंय." तो कुशीवर वळला, कण्हला. "मी चक घेतला नाही, मादाम. पण मला मारत होते तेव्हा ओपानिन तिथेच उभे होते, आणि एक शब्दसुद्धा बोलले नाहीत. बरगड्यांपेक्षा तेच जास्त दुखतंय."

परत येताना बेदियाको म्हणाला, "बाई, मला तर काही उमगत नाही. प्रेको नाही, दुफिये नाही, हाही नाही वाटत."

"तुला उमगलंय," बाई म्हणाल्या. "मान्य करायची लाज वाटतेय."

मंगळवारी दहा वाजता गल्लीच्या मधल्या शेडमध्ये पाच खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीवर ओपानिन डोमफे, खांद्यावरून घेतलेल्या कापडात हात गुंडाळून. समोर भिंतीला टेकून आसुमाडू, शेजारी पोमा. प्रेको आणि दुफियेही आले होते. बेदियाको सगळ्यात मागे उभा होता. बाईंनी पहाटेच आसुमाडूकडची किल्ली देऊन त्याला एका कामाला लावलं होतं.

"मी थोडक्यात सांगते," बाई म्हणाल्या. "चोर काय करतो? वस्तू घेतो आणि पळतो. पण इथे चक गेला आणि त्याच्या जागी जुना चक मशीनवर चढला. आतला भाग पुसून, लाकडी हातोड्यानं हलकेच ठोकून, किल्ली साखळीला लावून. फडक्याच्या चार घड्या घातल्या. चोराला गाळ्याच्या उद्याच्या कामाची एवढी काळजी कशाला?"

शेडमध्ये चुळबुळ झाली.

"मशीनभर काजळी, पण उलटा खटका स्वच्छ. ज्या गाळ्यात तो दाबायची बंदी आहे, तिथे तो कुणीतरी दाबला. का? टॅप बाहेर काढायला. गुरुवारी आठवं भोक राहिलं होतं. ते करणाऱ्या माणसाच्या मनगटात हातानं टॅप फिरवायचा जोर नव्हता, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून त्यानं दुसऱ्याला दोन तास आधी घरी पाठवलं."

ओपानिनची नजर जमिनीवर खिळली होती.

"त्यानं टॅप ऑटोमॅटिक चकमध्ये धरला. आत गेला. बाहेर काढायला मशीन उलटं फिरवलं, आणि माआमे दुफिये सांगतात तसा चकनं तोंड उघडलं. अर्धवट सुटलेला टॅप तिरका होऊन आतच मोडला. गडबडीत त्या माणसानं बंद करायच्या बटणाऐवजी फिरता चकच मुठीत धरला. कड्यावर ती धार होती. मग चकचे जबडे पूर्ण उघडून अडकले, ते सोडवायला साडेचारला पाइप पाना मागितला. दुसऱ्या दिवशी नवा बारा नंबरचा टॅप घेतला. सात आटे पाडणारा टॅप शाबूत असता, तर नवा कशाला?"

"म्हणजे..." प्रेको पुटपुटला. "पाना बाकावर ठेव म्हणाले..."

"पाना बाकावर. टॅप टोपीत. माझं कार्ड बाकावर. बेदियाकोची बाटली 'तिथे'. गुरुवारी संध्याकाळपासून या माणसानं कुणाच्याही हातून काही घेतलेलं नाही. उजवा हात दाखवता येत नाही, आणि डावा पुढे करेल असा तो नाही."

तो हात न मिळवणं! चार दिवस बेदियाको ते आपल्यावरच ओढून घेत होता. माझ्यावर रागावलेत, मी दोन वर्षं आलो नाही, म्हणून. स्वतःच्या लाजेपुढे त्याला समोरच्याचा हात दिसलाच नव्हता. आणि उस्तादांची मर्जी परत मिळवायच्या नादात त्यानं एका माणसाला गल्लीच्या तोंडी दिलं होतं.

"चक कुठे आहे?" खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी एवढाच विचार केला," बाई म्हणाल्या, "की चाळीस वर्षं लोखंडाला जपणारा माणूस चक गटारात फेकणार नाही. लाज झाकायची असली तरी त्याला गंज लागू देणार नाही. बेदियाको."

बेदियाको पुढे आला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत काळा होता. फडक्यातला चक त्यानं बाईंना दिला. ऑइल निथळत होतं. तिन्ही जबडे आत गेलेले, तोंड ताणून उघडलेलं, तसंच अडकलेलं. कड्यावर जुन्या दातांवर नव्या दातांचे चकचकीत ओरखडे.

बाई मधल्या खुर्चीसमोर गेल्या आणि दोन्ही हातांनी चक पुढे धरला.

"घ्या, ओपानिन. तुमचा आहे."

ओपानिनचा डावा हात किंचित हलला आणि तिथेच थांबला. मग कापडातून उजवा हात बाहेर आला. तळव्यावरची चिंधी सैल होऊन गळून पडली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत लाल, सुजलेली रेघ. त्यांनी चक त्याच हातात घेतला.

"गिऱ्हाइकाचं कवच नासवलं मी," ते म्हणाले. "ज्याला बंदी केली तेच केलं. आसुमाडूनं विचारलं तेव्हा सांगायचं होतं. तोंडातून 'गेला' एवढंच निघालं. मग गल्ली जमली. मग त्याला मारायला लागले... आणि प्रत्येक फटक्यासरशी सांगणं आणखी अवघड होत गेलं. मला या खुर्चीवर बसायचा अधिकार नाही."

ते उठले. खुर्ची रिकामी राहिली.

बेदियाकोनं पायातल्या चपला काढल्या आणि अनवाणी आसुमाडूसमोर जाऊन उभा राहिला. रात्रभर जुळवलेली वाक्यं होती. एकही आठवेना.

"चुकलो," तो म्हणाला. "माफ कर. मला लाज वाटते."

आसुमाडूनं शेडमध्ये सगळीकडे नजर फिरवली.

"इथे दहा माणसं आहेत," तो म्हणाला. "तुम्ही ओरडलात ते गल्लीत. तिथे जाऊन सांगा."

बेदियाको बाहेर आला. गल्लीच्या मधोमध, शुक्रवारी उभा होता त्याच जागी थांबला. छाती भरून घेतली.

"आसुमाडू चोर नाही!" तो ओरडला. "मी खोटं बोललो! आसुमाडूनं काही चोरलं नाही!"

हातोडे चालू होते. ग्राइंडर किंचाळत होते. शुक्रवारी एका हाकेसरशी सगळी गल्ली बंद पडली होती. आज एक हातोडासुद्धा थांबला नाही. एकानं मान वर केली, काय ते न कळून पुन्हा खाली घातली. बेदियाको परत ओरडला. घसा फाटला. काही उपयोग झाला नाही.

तेव्हा त्याला कळलं, की हे असं होणार नाही. दारोदार जावं लागेल. दीडशे गाळे होते त्या गल्लीत.

पहिल्या गाळ्याच्या उंबऱ्यावर तो पोचला तेव्हा मागून पावलं वाजली. ओपानिन होते. हातावर चिंधी नव्हती.

गाळ्याचा मालक काम सोडून उठला, म्हाताऱ्याला बघून त्यानं अदबीनं हात पुढे केला. ओपानिननं कापलेला उजवा हात दिला. मालकानं हात मिळवला, तळव्याकडे पाहिलं, आणि दचकून विचारलं, "अहो, हे काय झालं?"

"तेच सांगायला आलोय," ओपानिन म्हणाले.